पहिला मफलर: बत्तीस टाके, सगळ्या ओळी सुलट

दोन सुयांचं विणकाम शिकताना पहिली वस्तू म्हणून मफलरच का? कारण तो एक साधा आयत आहे. टाके वाढवायचे नाहीत, घटवायचे नाहीत, शिवण नाही, आणि रुंदी दोन सेंटिमीटर इकडेतिकडे झाली तरी गळ्याला कळत नाही. अडचण असते ती लांबीची. मध्यम जाडीच्या लोकरीचा १८ सेंटिमीटर रुंद आणि १५० सेंटिमीटर लांब मफलर म्हणजे साधारण ५१० ओळी. प्रत्येक ओळीत ३२ टाके धरले तर सोळा हजारांहून जास्त वेळा तीच एक हालचाल. हालचाल तासाभरात हाताला येते. पण नवशिक्याचा मफलर फसतो तो बहुतेक दहा-बारा सेंटिमीटर विणून झाल्यावर, जेव्हा लक्षात येतं की ३२ टाक्यांचे ३७ झालेत आणि कुठे झाले ते सांगता येत नाही. म्हणून या लेखात हाताच्या हालचालीइतकीच जागा सुईवरचे टाके ओळखायला दिली आहे.

लोकर

पहिल्या मफलरसाठी लोकर मध्यम जाडीची, गुळगुळीत, घट्ट पीळ असलेली आणि फिकट एकरंगी घ्या. यातला प्रत्येक शब्द कामाचा आहे. फार बारीक लोकरीला ओळी दुप्पट लागतात आणि धीर सुटतो. केसाळ किंवा मोहेअरसारख्या लोकरीत टाके दिसतच नाहीत, आणि उसवायला गेलं की तंतू एकमेकांत गुंततात. सैल पिळाच्या लोकरीत सुईचं टोक टाक्यात जाण्याऐवजी दोन पदरांच्या मधून घुसतं. काळा किंवा गडद निळा रंग दिव्याखाली तर अजिबात नको. चूक झाली तरी दिसत नाही.

शुद्ध लोकर आणि अ‍ॅक्रिलिक या दोन्हींवर शिकता येतं. शुद्ध लोकरीला लवचिकपणा असतो, त्यामुळे हात थोडा कमीजास्त झाला तरी धुतल्यावर टाके सारखे होतात. अ‍ॅक्रिलिक धुवायला सोपं, पण विणलेलं जसं आहे तसंच राहतं. धुऊन फारसं सुधारत नाही. सुती धागा मात्र पहिल्या कामाला घेऊ नका. त्याला ताण नसतो, बोटं दुखतात आणि टाक्यांतला असमानपणा उठून दिसतो.

गुंड्यावरच्या कागदी पट्टीवर चार गोष्टी बघायच्या: वजन, मीटर, सुचवलेली सुई आणि रंगाचा लॉट नंबर. वजनापेक्षा मीटर महत्त्वाचे, कारण १०० ग्रॅममध्ये जाड लोकर १०० मीटरच भरते, तर मध्यम जाडीची २०० मीटर. वर सांगितलेल्या मापाला साधारण ३०० मीटर लागतात, म्हणजे २०० मीटरचे दोन गुंडे. झालर करायची असेल तर त्यातूनच २० मीटर निघतात. दोन्ही गुंडे एकदमच घ्या आणि लॉट नंबर एकच आहे ना ते पाहा. रंगाचं नाव तेच असलं तरी वेगळ्या लॉटची छटा किंचित वेगळी पडते. दुकानात ती जाणवत नाही, मफलरच्या मध्यावर आडवी रेघ मारल्यासारखी दिसते.

लोकर लडीच्या रूपात असेल तर आधी तिचा गुंडा करून घ्या. गुंडाळताना ओढून घट्ट करू नका. ताणलेल्या लोकरीने विणलं की पहिल्या धुण्यात ती मूळ लांबीवर येते आणि मफलर आखडतो.

सुया

मध्यम जाडीच्या लोकरीला ५ मिलिमीटरच्या सुया घ्या, लांबी २५ ते ३५ सेंटिमीटर. बांबूच्या किंवा लाकडी सुया उत्तम, कारण त्यांच्यावर टाके जरा धरून राहतात. धातूच्या सुयांवर विणणं वेगाने होतं, पण नवशिक्याचे टाकेही तितक्याच वेगाने घसरून पडतात.

सुई नंबरवरून मागायची असेल तर सांभाळून. जुन्या ब्रिटिश पद्धतीत नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक: ६ नंबर म्हणजे ५ मिलिमीटर आणि ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर. अमेरिकन पद्धतीत बरोबर उलटं: ८ नंबर ५ मिलिमीटरचा आणि ६ नंबर ४ मिलिमीटरचा. एखाद्या नमुन्यात नुसतं ‘८ नंबरची सुई’ लिहिलं असेल तर तो नमुना कुठला ते कळेपर्यंत टाके घालू नका. मिलिमीटरमध्ये बोलणंच बरं.

याशिवाय कात्री, मोजपट्टी, दोनतीन सेफ्टी पिना, मोठ्या नेढ्याची बोथट सुई आणि गळलेला टाका उचलायला ४ मिलिमीटरच्या आसपासची क्रोशाची सुई लागेल.

सगळ्या ओळी सुलटच का

विणकामात मूळ टाके दोनच: सुलट आणि उलट. एक ओळ सुलट आणि एक उलट विणली की पुढून सपाट, इंग्रजी व्ही अक्षरांच्या रांगांसारखी वीण येते. बाजारातले बहुतेक स्वेटर त्याच विणीचे असल्याने नवशिक्यालाही तीच हवी असते. पण या विणीचा मफलर दोन्ही काठांनी मागे वळतो आणि काही दिवसांत गळ्यात नळी होऊन बसतो. धुऊन, पिना लावून, कशानेच तो कायमचा सरळ होत नाही, कारण वळणं हा त्या विणीचा स्वभावच आहे: सगळे सुलट टाके एका बाजूला आणि सगळे उलट दुसऱ्या बाजूला, त्यामुळे दोन्हीकडचा ताण सारखा नसतो.

प्रत्येक ओळ सुलटच विणली तर हा ताण दोन्ही बाजूंना सारखा वाटला जातो. या विणीला गार्टर म्हणतात. कापड सपाट राहतं, दोन्ही बाजू सारख्या दिसतात, आणि शेतातल्या सरी-वरंब्यासारखे आडवे उंचवटे उठतात. एक वरंबा म्हणजे दोन ओळी. ओळी मोजायच्या नाहीत, वरंबे मोजायचे.

आधी चौकोन

थेट मफलरला हात घालू नका. २० टाके घालून ४० ओळींचा एक चौकोन विणा. पहिल्या दहा ओळी भयंकर दिसतील, दिसू द्या. या चौकोनाचा खरा उपयोग असा की तोवर हात स्थिरावतो. नवा विणणारा सुरुवातीला भीतीने घट्ट विणतो आणि सराव होईल तसा सैल होत जातो. हा बदल मफलरमध्येच झाला तर टाके तेवढेच राहूनही मफलर एका टोकाला अरुंद आणि दुसऱ्या टोकाला रुंद होतो.

चौकोन सपाट ठेवून मधल्या १० सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतात ते मोजा; काठाजवळ मोजू नका. १७ किंवा १८ आले तर १८ सेंटिमीटर रुंदीला ३२ टाके. १५ आले तर २७ टाके पुरे. हिशेब साधा आहे: १० सेंटिमीटरमधले टाके भागिले १०, गुणिले हवी ती रुंदी. कापड पुठ्ठ्यासारखं कडक वाटलं तर अर्धा मिलिमीटर मोठी सुई घ्या. मफलर लोंबला पाहिजे.

टाके घालणं

टाके घालायच्या अनेक रीती आहेत. अंगठ्यावरून घालायची रीत काठाला लवचिक ठेवते, म्हणून ती शिका. आधी लोकरीचं मोकळं टोक, म्हणजे शेपटी, किती ठेवायची ते ठरवा. लोकर सुईभोवती दहा वेळा गुंडाळून लांबी मोजा. तेवढी दहा टाक्यांना लागते असं धरा. ३२ टाक्यांना वरच्या २० सेंटिमीटरसकट एक मीटर शेपटी ठेवली की निभावतं. शेपटी कमी पडली तर तीस टाके घालून झाल्यावर सगळं काढून पुन्हा सुरू करावं लागतं, त्यापेक्षा थोडी उरलेली परवडली.

१. टोकापासून एक मीटर अंतरावर सरकगाठ मारून ती सुईवर चढवा. हा पहिला टाका. सुई उजव्या हातात, गुंड्याकडचा धागाही उजव्या हातात.

२. शेपटी डाव्या अंगठ्याभोवती घ्या. धागा सुईकडून निघून अंगठा आणि तर्जनी यांच्या मधून मागे जातो, अंगठ्याच्या नखावरून वळतो आणि बाहेरच्या कडेने तळव्यात येतो. तिथे उरलेल्या बोटांनी तो धरून ठेवा.

३. तळव्यातून अंगठ्याकडे जाणाऱ्या धाग्याच्या खालून सुईचं टोक वर घाला. आता अंगठ्यावरचा वेढा सुईवरही आहे.

४. गुंड्याकडचा धागा सुईच्या टोकाभोवती मागून पुढे एकदा फिरवा.

५. अंगठ्यावरचा वेढा उचलून सुईच्या टोकावरून पलीकडे सोडा आणि शेपटी हलकेच ओढा. दुसरा टाका झाला.

टाका ओढताना तो सुईवर सहज सरकला पाहिजे. करकचून बसला तर पहिली ओळ विणताना सुईचं टोक आत शिरणारच नाही. हात घट्ट असेल तर दोन सुया एकत्र धरून त्यांच्यावर टाके घाला आणि शेवटी एक सुई हळूच काढून घ्या. टाक्यांमधलं अंतरही सारखं ठेवा. खाली सगळ्या गाठी एका रांगेत, सुईच्या एकाच बाजूला आल्या पाहिजेत. सुईभोवती पिळवटल्या असतील तर विणायच्या आधी सरळ करून घ्या.

सुलट टाका

टाक्यांची सुई डाव्या हातात, रिकामी सुई उजव्या हातात. लोकर सुयांच्या मागे. गुंड्याकडून येणारा धागा उजव्या करंगळीभोवती एक वळसा देऊन तर्जनीवरून घ्या म्हणजे तो आपोआप सारख्या ताणाने सुटतो. धागा डाव्या हातात धरून विणणारेही आहेत आणि त्यांचा वेग जास्त असतो. तुम्हाला शिकवणारं कुणी जवळ असेल तर ते जसं धरतात तसंच धरा, दोन्ही रीती एकदम शिकू नका. डावखुऱ्यांनीही हीच रीत शिकावी. विणकामात दोन्ही हात सारखेच राबतात.

उजव्या सुईचं टोक पहिल्या टाक्यात उजवीकडून डावीकडे नव्हे, तर टाक्याच्या समोरच्या बाजूने, डाव्या अंगाकडून आत घालून मागे काढा, असं वाचलं की गोंधळ होतो. सोपी खूण अशी: टाका हा सुईवर बसलेला घोडेस्वार आहे, एक पाय सुईच्या पुढे आणि एक मागे. उजवी सुई या पुढच्या पायाच्या मागून, दोन पायांच्या मधून जाते. गेल्यावर उजवी सुई डाव्या सुईच्या मागे, तिला फुलीसारखी छेदून असली पाहिजे. मग धागा उजव्या सुईच्या मागून डावीकडे न्या आणि दोन सुयांच्या मधून पुढे, उजवीकडे आणा. उजवी सुई हळूच मागे ओढत तिच्या टोकाने हा नवा धागा जुन्या टाक्यातून आपल्याकडे काढा. नवा टाका उजव्या सुईवर आला. आता जुना टाका डाव्या सुईवरून खाली सोडा.

सुई आत, धागा भोवती, वेढा बाहेर, जुना खाली. पहिले काही दिवस हे चार शब्द तोंडाने म्हणत विणलं तरी चालेल.

टाका बनतो सुईच्या जाड भागावर, टोकावर नाही. सुईचं टोक निमुळतं असतं. टोकावरच धागा गुंडाळून टाका काढला तर तो लहान होतो आणि नंतर सरकत नाही. ‘माझा हात फार घट्ट आहे’ या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा ताण नसतो, हेच असतं. नवा टाका बनल्यावर उजवी सुई सेंटिमीटरभर आत सरकवा, मग जुना टाका सोडा.

पहिली ओळ विणताना शेपटीने नव्हे, गुंड्याच्याच धाग्याने विणताय ना ते पाहा. शेपटी हाताशी असते, चुकून तीच उचलली जाते, आणि दहाव्या टाक्याला लोकर संपते. शेपटीची छोटी मोळी बांधून ठेवली की हा प्रश्नच उरत नाही.

धागा उलट दिशेने गुंडाळला तरी टाका होतो, पण पुढच्या ओळीत त्याचा पुढचा पाय डावीकडे आणि मागचा उजवीकडे येतो. तसाच विणला की टाक्याला पीळ पडतो आणि कापड आखडतं. सुईवर नजर टाका: प्रत्येक टाक्याचा उजवा पाय पुढे असला पाहिजे.

बत्तिसाचे तेहतीस कसे होतात

ओळ संपली की सुया हातांत बदलून काम वळवायचं. इथे, ओळीच्या पहिल्याच टाक्यापाशी, नवशिक्याचे निम्मे जास्तीचे टाके जन्माला येतात. वळवल्यावर धागा काठाशी लोंबत असतो. तो मागे न्यायचा म्हणून सुईच्या वरून मागे ओढला, की पहिला टाका वर खेचला जातो आणि त्याचे दोन पाय दोन वेगळ्या टाक्यांसारखे सुईवर दिसतात. विणणारा ते दोन्ही विणतो. एक टाका वाढला. दर ओळीला असं झालं तर मफलर त्रिकोणी होत जातो. उपाय एवढाच: वळवल्यावर धागा आधी खाली, पुढच्या बाजूला ओढा, पहिला टाका एकच दिसतोय याची खात्री करा, आणि मग सुयांच्या खालून मागे न्या.

दुसरं कारण, धागा मध्येच दोन सुयांच्या मधून पुढे येणं. मग पुढचा टाका विणताना तो सुईवरून जातो आणि एक वेढा फुकट तयार होतो. पुढच्या ओळीत तो टाक्यासारखा विणला की खाली भोक दिसतं. हा वेढा ओळखायला सोपा आहे: खऱ्या टाक्याच्या बुडाशी आधीच्या ओळीचा टाका गळपट्ट्यासारखा असतो, या वेढ्याच्या खाली काहीच नसतं. दिसला की विणू नका, सुईवरून खाली सोडून द्या. लोकर शेजारच्या टाक्यांत मुरते.

तिसरं कारण, सुईचं टोक पदरांमध्ये घुसून एकाच टाक्याचे दोन होणं. चौथं, काम मध्येच ठेवून नंतर उलट्या बाजूने सुरू करणं. ओळीच्या मधोमध थांबला असाल तर गुंड्याचा धागा ज्या सुईला लागलेला आहे ती उजव्या हातात हवी. शक्यतो ओळ पूर्ण करूनच काम खाली ठेवा.

म्हणून मोजा. पहिले दहा वरंबे होईपर्यंत प्रत्येक वरंब्यानंतर, पुढे दर पाच वरंब्यांनी. बत्तीस टाके मोजायला अर्धा मिनिटही लागत नाही. आकडा चुकला तर दोन-तीन ओळींत सापडेल, तीस ओळींत नाही.

काठ नीटस हवा असेल तर प्रत्येक ओळीचा पहिला टाका विणायचाच नाही: धागा पुढे ठेवून, उजवी सुई टाक्यात उजवीकडून घालून तो तसाच उचलून घ्या, मग धागा सुयांच्या मधून मागे नेऊन बाकीचे ३१ टाके सुलट विणा. काठाला साखळी येते. हे पहिल्या ओळीपासून करा किंवा अजिबात करू नका. मध्येच सुरू केलं तर काठ दोन प्रकारचा दिसतो.

उसवणं आणि टाका गळणं

याच ओळीत चूक दिसली तर सुई काढून टाकायची गरज नाही. डाव्या सुईचं टोक उजव्या सुईवरच्या पहिल्या टाक्याच्या खालच्या टाक्यात, पुढून मागे घाला, उजवी सुई काढून घ्या आणि धागा ओढा. एक टाका मागे गेलात. असे चुकेपर्यंत या. चूक पाच-सहा ओळींहून खाली असेल तर सुई काढून सरळ उसवणं जलद. तसं करण्याआधी चुकेच्या खालच्या एका ओळीतून बोथट सुईने वेगळ्या रंगाचा बारीक धागा सगळ्या टाक्यांमधून ओवून घ्या. उसवत उसवत तिथे आलात की टाके त्या धाग्यावर थांबतात, पुढे पळत नाहीत.

टाका गळला की आधी त्यात सेफ्टी पिन अडकवा. घाईने कापड ओढलं की तो एकेक ओळ खाली उतरतो आणि मागे आडव्या धाग्यांची शिडी उरते. मग विणत विणत शिडीपर्यंत या, म्हणजे शिडीच्या उजवीकडचे टाके उजव्या सुईवर आणि डावीकडचे डाव्या सुईवर असतील. शिडीच्या पायऱ्या मोजा. सुलट टाका पुढून असा उचलतात: क्रोशाची सुई टाक्यात पुढून मागे घाला, टाक्याच्या मागे असलेली सर्वांत खालची पायरी पकडा आणि पुढे ओढून काढा. पण गार्टरमध्ये एक पायरी पुढून आणि पुढची मागून उचलावी लागते, नाहीतर वरंब्यांच्या मधोमध व्ही अक्षरांची उभी रांग दिसते. कुठून सुरुवात? पायऱ्या सम असतील तर पुढून, विषम असतील तर कापड वळवून मागून. प्रत्येक पायरीनंतर क्रोशाची सुई काढून दुसऱ्या बाजूने घाला. शेवटी टाका डाव्या सुईवर ठेवताना उजवा पाय पुढे.

गुंडा संपताना

एका ओळीला रुंदीच्या साधारण सव्वातीन पट लोकर लागते. १८ सेंटिमीटरला ६० सेंटिमीटर धरा. उरलेली लोकर दोन ओळींना पुरेल का अशी शंका असेल तर ती दुमडून मध्यावर सैल सरकगाठ मारा. एक ओळ विणताना गाठीपर्यंत पोहोचलात, तर दुसरी ओळ पुरणार नाही.

नवा गुंडा नेहमी काठाला जोडा. जुनं टोक १५ सेंटिमीटर सोडा, नव्याचंही तेवढंच सोडा आणि पहिला टाका नव्या लोकरीने विणा. सैल वाटलं तर तात्पुरती गाठ मारा, ती शेवटी सोडायची आहे. गुंड्यात कारखान्याचीच गाठ निघाली तर ती विणून टाकू नका. काठापर्यंत मागे या, गाठ कापा आणि नवा गुंडा असल्यासारखं जोडा.

किती लांब

घालणाऱ्याच्या उंचीएवढा मफलर एक वेढा घेऊन दोन्ही टोकं पुढे सोडायला पुरतो. मोजताना तो टेबलावर सपाट, न ओढता ठेवा. हातात लटकवून मोजला तर वजनाने लांब भरतो, आणि तसा तो वापरातही लांबणार आहेच, म्हणून हव्या त्या लांबीच्या चार-पाच सेंटिमीटर आधीच थांबा. सरावलेला नवशिका एका ओळीला दोन मिनिटं घेतो, म्हणजे सगळं मिळून सतरा तास. एका बैठकीत तासाभराहून जास्त विणू नका. मान आणि अंगठ्याचं मूळ आधी तक्रार करतं.

टाके बंद करणं

बंद करायला किमान एक मीटर लोकर हाताशी ठेवा. दोन टाके सुलट विणा. डाव्या सुईच्या टोकाने उजव्या सुईवरचा आधी विणलेला टाका उचलून दुसऱ्यावरून पलीकडे सोडा. उजव्या सुईवर एक टाका उरेल. आणखी एक विणा, पुन्हा मागचा पलीकडे सोडा. असं शेवटच्या टाक्यापर्यंत. मग लोकर २० सेंटिमीटर सोडून कापा, ते टोक शेवटच्या टाक्यातून ओवून ओढा.

इथे हात हमखास घट्ट होतो आणि मफलरचं एक टोक चुण्या पडल्यासारखं आत खेचलं जातं. उजव्या हातात ६ मिलिमीटरची सुई घेऊन बंद केलं की हे टळतं. काठ दोन्ही बाजूंनी ओढून पाहा. सुरुवातीच्या काठाइतकाच ताणला गेला पाहिजे.

टोकं मुरवणं, धुणं, झालर

लोंबणारी टोकं बोथट सुईत ओवा आणि एका वरंब्याच्या उंचवट्यांमधून, आधीच्या धाग्याच्या वळणावळणानेच, पाच सेंटिमीटर न्या. मग शेजारच्या वरंब्यातून उलट दिशेने तीन सेंटिमीटर मागे या. कापड एकदा आडवं ताणून मगच उरलेलं टोक कापा. गाठ मारून कापलेलं टोक पाचव्या-सहाव्या धुण्यात बाहेर डोकावतं.

शुद्ध लोकरीचा मफलर कोमट पाण्यात थोडा सौम्य साबण घालून पंधरा-वीस मिनिटं भिजवा. चोळू नका, पिळू नका. उष्णता आणि घासणं एकत्र आलं की लोकरीचे तंतू एकमेकांत अडकून कापड नमद्यासारखं आवळतं आणि ते परत उलगडत नाही. विसळण्याचं पाणीही तेवढंच कोमट घ्या. दोन्ही हातांनी खालून आधार देऊन उचला, कोरड्या टॉवेलवर पसरून टॉवेलसकट गुंडाळी करा आणि दाबून पाणी काढा. मग सपाट जागी पसरून रुंदी सगळीकडे १८ सेंटिमीटर येईल अशी हाताने सारखी करा, हवं तर न गंजणाऱ्या पिना लावा. दोरीवर वाळत घालू नका. अ‍ॅक्रिलिकला इस्त्री किंवा तापलेली वाफ अजिबात लावू नका. धागा वितळून मलूल होतो आणि त्याला पुन्हा उभारी येत नाही.

झालर धुतल्यानंतर लावा, नाहीतर तिच्या गुंत्या होतात. ३० सेंटिमीटरचे ६६ तुकडे कापा. लोकर १५ सेंटिमीटर उंचीच्या पुस्तकाभोवती गुंडाळून एका कडेने कापली की सगळे सारखे निघतात. तीन-तीन तुकडे एकत्र करून दुमडा, काठाच्या टाक्यातून क्रोशाच्या सुईने दुमड ओढून घ्या आणि टोकं त्या फासातून काढून आवळा. दर तिसऱ्या टाक्याला एक गोंडा, म्हणजे एका टोकाला अकरा. सगळे लावून झाल्यावर मफलर टेबलाच्या कडेशी पसरा, गोंडे बोटांनी विंचरा आणि खालच्या टोकांवर पट्टी ठेवून एका रेषेत कापा. एकेक गोंडा हातात धरून कापत बसलं तर प्रत्येक वेळी थोडा थोडा कमी होत जातो.